समुद्राकडे पाठ करून: मुलांबरोबर वाळूच्या टेकड्यांतली फेरी

किनाऱ्यावर आलेली मोठी माणसे वाळूच्या टेकड्या ओलांडून थेट पाण्याकडे जातात. टेकडी म्हणजे त्यांच्या लेखी वाटेतला एक त्रासदायक चढ असतो. मुले मात्र तिथेच रेंगाळतात. चढताना पाय का रुततो, उतरताना आपण आपोआप का घसरतो आणि मूठभर वाळू उचलली की तिथला खळगा लगेच का बुजतो, हे त्यांना तपासून पाहायचे असते. मुलांबरोबर या टेकड्यांत निसर्गफेरी काढायची असेल, तर त्यांच्या या रेंगाळण्यालाच फेरीचा कार्यक्रम मानावा. मोठ्या माणसाने एकच गोष्ट ठरवून द्यायची असते आणि ती म्हणजे दिशा. आधी पाण्यापर्यंत जावे, मग समुद्राकडे पाठ करावी आणि किनाऱ्याशी काटकोन करून जमिनीच्या दिशेने सावकाश चालू लागावे.

दिशेला एवढे महत्त्व देण्याचे कारण असे की जिथे किनारा हळूहळू समुद्राकडे सरकत गेलेला असतो, तिथे पाण्याजवळची वाळू सर्वांत नवी असते आणि आत जावे तसतशी टेकड्यांची वये वाढत जातात. पहिल्या पावलाशी कालच्या वाऱ्याने जमवलेली वाळू असते, तर पाच-सहाशे पावलांवर अशी टेकडी भेटू शकते जिच्यावर शेकडो वर्षांपासून झाडे वाढून मरत आली आहेत. हेन्री चँडलर कोल्स या अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने मिशिगन सरोवराच्या काठावरच्या टेकड्यांत अशाच पायी फेऱ्या केल्या आणि १८९९ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. उघड्या वाळूवर आधी कोणती झाडे येतात, त्यांच्यामुळे जमीन कशी बदलते आणि मग त्यांचीच जागा दुसरी झाडे कशी घेतात, हा क्रम त्याने पाण्यापासून आत चालत जाऊन वाचला. एका जागी बसून हा बदल पाहायचा तर कित्येक पिढ्या लागतील, चालत गेल्यास तासभर पुरतो. मुलांना हे सांगताना मी ‘वनस्पतींचे अनुक्रमण’ हा शब्द वापरत नाही. “आता आपण म्हाताऱ्या वाळूकडे जाणार आहोत,” एवढे सांगितले की त्यांना पुरते, आणि पुढे कुठेही थांबले की “ही किती म्हातारी?” असा प्रश्न आपोआप येतो.

तयारीबद्दल थोडक्यात. वेळ सकाळची असावी. एक तर कोरड्या वाळूचा पृष्ठभाग उन्हाळ्यात भर दुपारी ५० अंश सेल्सियसच्या वर सहज तापतो, आणि दुसरे म्हणजे तिरप्या उन्हात वाळूवरचे ठसे ठळक दिसतात. भरती-ओहोटीच्या वेळा आधी पाहाव्यात. बहुतेक किनाऱ्यांवर एका भरतीपासून दुसरी सुमारे साडेबारा तासांनी येते आणि दुसऱ्या दिवशी तीच भरती साधारण ५० मिनिटे उशिरा येते, त्यामुळे कालची वेळ आज चालत नाही. पायांत बंद बूट, डोक्यावर टोपी आणि वाटते त्याच्या दुप्पट पाणी हवे. डोळ्यांत वाळू गेली तर चोळायचे नाही, पाण्याने धुवायचे, हे निघण्यापूर्वीच सांगून ठेवावे, कारण नंतर सांगेपर्यंत चोळून झालेले असते. पिशवीत एक भिंग, एक लोहचुंबक, लिंबू, दोन-तीन स्ट्रॉ, एक ताट, दोन्ही बाजूंनी चिकटणारी पट्टी आणि हातभर लांबीची काठी असली की पुरे. अंतर एक किलोमीटरपेक्षा जास्त नको. लहान मुलांसाठी तेवढेही जास्त होते.

पाण्याजवळ पोहोचल्यावर पहिले काम म्हणजे तळहातावर चिमूटभर वाळू घेऊन ती भिंगातून पाहणे. लांबून एकाच रंगाची दिसणारी वाळू जवळून पाहिली की वेगवेगळ्या खड्यांची मिसळ निघते. काचेसारखे पारदर्शक कण बहुधा क्वार्ट्झचे असतात. डोंगरांतले खडक झिजून, नद्यांबरोबर वाहत, लाटांनी घासले जाऊनही क्वार्ट्झ टिकतो, कारण तो कठीण आहे आणि पाण्यात सहजासहजी विरघळत नाही. पांढरे, चपटे तुकडे बहुतेकदा शिंपल्यांचे असतात. त्यांच्यावर लिंबू पिळले की बारीक बुडबुडे येतात, कारण शिंपल्यातले कॅल्शियम कार्बोनेट आम्लाशी संयोग पावते आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो. लोहचुंबक कागदात गुंडाळून वाळूवर फिरवल्यास मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे काळे कण त्याला मिशांसारखे चिकटतात. चुंबक कागदात गुंडाळणे विसरू नये. उघड्या चुंबकावर चिकटलेले कण काढताना अख्खी फेरी संपते, हे मी स्वतः केलेल्या चुकीवरून सांगतो.

तिथून आत वळले की पहिला मुक्काम भरतीरेषेवर. लाटांनी आणून टाकलेले शेवाळ, काटक्या, शिंपले आणि दुर्दैवाने प्लास्टिकही इथे एका वेड्यावाकड्या पट्ट्यात पडलेले असते. बऱ्याच जणांना ही घाण वाटते. खरे तर प्लास्टिक वगळले तर हा पट्टा टेकडीचा पाया आहे. मुलांना खाली बसवून एखाद्या काटकीच्या मागे नीट पाहायला सांगावे. वाऱ्याच्या उलट बाजूला वाळूची एक निमुळती शेपटी दिसते, बोटभर लांब किंवा वीतभर. अशाच शेपट्यांपैकी काही टिकतात, वाढतात, एकमेकींना मिळतात आणि त्यांतून पहिली लुटुपुटूची टेकडी उभी राहते.

याच जागी एका सात-आठ वर्षांच्या मुलीने मला विचारले होते, “वाळू तर जड असते, मग ती वर चढते कशी?” हा प्रश्न मला इतका बरोबर वाटला की तेव्हापासून फेरीची सुरुवात मी त्याच प्रश्नाने करतो आणि उत्तर मात्र लगेच देत नाही. ताटात कोरडी वाळू पसरायची, मधोमध एक गारगोटी ठेवायची आणि एकेकाने स्ट्रॉमधून हळू फुंकर घालायची. डोळे मिटून जोरात फुंकणारा एक जण असतोच, म्हणून बाकीच्यांना मागे उभे करावे. हळू फुंकर घातली तर कण नुसते सरकत नाहीत, टुणटुण उड्या मारतात, आणि गारगोटीच्या आडोशाला गेलेले कण तिथेच बसतात. दोन-तीन मिनिटांत गारगोटीमागे शेपटी तयार होते आणि मुले भरतीरेषेवरच्या शेपट्यांकडे पुन्हा वळून पाहतात.

या उड्यांचा हिशेब राल्फ बॅग्नॉल्ड या ब्रिटिश लष्करी अभियंत्याने १९३० च्या दशकात वारा सोडता येणारा बोगदा वापरून मांडला. वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २० किलोमीटरच्या पुढे गेला की पाव मिलिमीटरच्या आसपासचे कोरडे कण जमिनीवरून सुटतात. सुटलेला कण थोडा वर जातो, वाऱ्याचा वेग घेतो आणि तिरपा खाली येऊन आदळतो. या आदळण्याने एक तर तो स्वतः पुन्हा उसळतो किंवा दुसऱ्या कणाला उडवतो. म्हणजे एकदा सुरुवात झाली की वाऱ्याइतकेच हे आदळणेही वाळूला पुढे नेत राहते. उड्या मारण्याइतपत हलके नसलेले थोडे मोठे कण या धक्क्यांनी जमिनीवरून ढकलले जातात. धुळीसारखे अगदी बारीक कण हवेतच राहतात आणि दूर निघून जातात. म्हणूनच टेकडीची वाळू इतकी एकसारखी आणि स्वच्छ वाटते, जणू कोणी चाळून ठेवली आहे. आता महत्त्वाची गोष्ट अशी की उड्या मारणारी बहुतेक वाळू जमिनीपासून वीतभर उंचीच्या आतच फिरते. हे तोंडी सांगून मुलांना पटत नाही, आणि पटूही नये. म्हणून इथेच काठी रोवावी. तिच्यावर खालपासून वरपर्यंत चिकटपट्टी लावावी, चिकट बाजू वाऱ्याकडे करावी, आणि परत येताना पाहू असे सांगून पुढे चालू लागावे.

पहिल्या खऱ्या टेकडीच्या पायथ्याशी वनस्पती भेटतात आणि इथे हवा तेवढा वेळ काढावा, कारण टेकडी कशी उभी राहते याचे अर्धे उत्तर त्यांच्याकडे आहे. काटकी वाळू अडवते खरी, पण वाळूत पुरली गेली की तिचे काम संपते. वनस्पती पुरली गेली तर ती वर येते, पुन्हा वाळू अडवते, पुन्हा पुरली जाते आणि पुन्हा वर येते. उष्ण प्रदेशातल्या किनाऱ्यांवर हे काम मर्यादवेल करते. तिचे पान टोकाशी दुभंगलेले, आपट्याच्या पानाची आठवण करून देणारे असते. शास्त्रीय नावात मात्र त्याला शेळीच्या खुराची उपमा दिलेली आहे. कोणती उपमा जास्त जुळते, यावर मुलांना वाद घालू द्यावा. जांभळट-गुलाबी, कर्ण्यासारखी फुले येणारी ही वेल जमिनीलगत कित्येक मीटर धावते, पेरापेराशी मुळे सोडते आणि तिच्या बिया समुद्राच्या पाण्यावर तरंगत दूरदूरच्या किनाऱ्यांवर जातात. मराठी नावाने तिचे अर्धे वर्णन होऊन जाते. ही वेल जिथे सुरू होते तिथवरच एरवीच्या भरतीची मजल, अशी मर्यादा ती आखून देते.

आशियाच्या अनेक किनाऱ्यांवर तिच्या शेजारी स्पिनिफेक्स नावाचे काटेरी गवत असते. त्यात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. मादी झाडावरचा बियांचा गोळा चेंडूएवढा, चहूबाजूंनी टोकदार काड्यांचा असतो. पिकला की तो तुटतो आणि वाऱ्याबरोबर त्या काड्यांवर टुणटुणत किनाराभर पळत सुटतो. पळणारा गोळा दिसला की मुले त्याच्यामागे धावतात. धावू द्यावे, पण तो हातात कसा धरायचा हे आधी दाखवावे.

थंड प्रदेशांत, विशेषतः युरोपच्या किनाऱ्यांवर, हीच भूमिका मॅरम गवत बजावते. त्याचे पान कोरड्या हवेत लांबीच्या बाजूने गुंडाळले जाऊन नळीसारखे होते. श्वासाची छिद्रे नळीच्या आत राहतात आणि पाणी वाचते. पानाचा छोटा तुकडा ओल्या फडक्यात ठेवला तर तो हळूहळू उलगडतोही. या गवताची आणखी एक गंमत अशी की ते वर्षाला सुमारे मीटरभर वाळूखाली गाडले गेले तरी त्यातून वर येते आणि वाळू येणे थांबले की उलट रोडावत जाते. बाकीच्या झाडांना गाडले जाणे म्हणजे मरण. याला त्याच्यावाचून चैन पडत नाही.

आता वीतभर उंचीच्या आत फिरणारी वाळू आणि घोट्याएवढी उंच वेल या दोन गोष्टी शेजारी ठेवाव्यात. वाळू खालूनच जाते, म्हणून ती अडवायला भिंत लागत नाही, घोट्याएवढी पाने पुरतात. वेल वीतभर वाळू साठवते, स्वतः वीतभर वर येते आणि पुन्हा तेच करते. डोक्याहून उंच टेकडी अशी घोट्याघोट्याने चढलेली असते. याचा दुसरा अर्थ असा की ही अख्खी व्यवस्था घोट्याएवढ्या उंचीवरच तुटूही शकते. मर्यादवेल वादळ, खारा फवारा आणि चटके सोसते, पण रोज त्याच जागी पडणाऱ्या टाचा सोसत नाही. खोड तुटते, उघडी पडलेली वाळू वाऱ्याला सापडते आणि पायवाटेएवढी चीर पुढे खिंडीएवढी होते. म्हणून चढायचे ते आखलेल्या वाटेवरून किंवा फळ्यांच्या रस्त्यावरून, एकामागे एक. घसरगुंडी खेळायला जिथे परवानगी असेल तिथे उघड्या, बिनझाडांच्या उतारावर खुशाल खेळू द्यावे. “कशालाच हात लावू नका” असे तासभर बजावत राहणाऱ्या फेऱ्या मी पाहिल्या आहेत. त्यांतून मुलांना टेकडीपेक्षा ओरडाच जास्त लक्षात राहतो.

झाडे गेल्यावर काय होते, याची उदाहरणे इतिहासात भरपूर आहेत. स्कॉटलंडच्या ईशान्य किनाऱ्यावरची कल्बिन नावाची जहागीर १६९४ मधल्या वादळात वाळूखाली गेली, आणि १६९५ मध्ये तिथल्या संसदेने कायदा करून टेकड्यांवरचे गवत व झुडपे उपटण्यास बंदी घातली. छपरे शाकारण्यासाठी आणि इतर कामांसाठी लोक ते गवत उपटून नेत असत. डेन्मार्कच्या उत्तर टोकाला स्कागेन इथे एका चर्चमध्ये शिरण्यासाठी लोकांना वाळू उपसावी लागू लागली; शेवटी १७९५ मध्ये ते बंद केले गेले आणि आज तिथे टेकडीतून वर आलेला पांढरा मनोरा तेवढा उभा आहे. ही मनोऱ्याची गोष्ट मुलांना फार आवडते. तो मनोरा खालून किती खोल असेल, यावर पुढची दहा मिनिटे चर्चा चालते.

माथ्यावर चढल्यावर दोन्ही उतार एकसारखे नाहीत हे पायांना कळते. वाऱ्याकडची बाजू सौम्य आणि दबलेली असते, आडोशाची बाजू उभी आणि भुसभुशीत. कण सौम्य बाजूने उड्या मारत माथ्यावर येतात आणि पलीकडे पडतात. पडून पडून तो उतार फार उभा झाला की वाळूचा एक पापुद्रा सुटून खाली घसरतो. कोरडी वाळू ३२ ते ३४ अंशांहून अधिक उभी राहतच नाही. मुठीतून वाळू सोडून केलेला ढीगही याच कोनात थांबतो, कितीही वाळू ओतली तरी. म्हणजे समोरच्या टेकडीचा आडोशाचा उतार आणि मुलाने केलेला ढीग यांचा कोन सारखाच असतो, आणि काटकोनाच्या कागदाची घडी करून तो अंदाजाने मोजताही येतो. एका बाजूने वाळू उचलायची आणि दुसऱ्या बाजूला टाकायची असे सतत चालू राहिले, आणि झाडांनी अडवले नाही, तर सगळी टेकडीच पुढे सरकते. फ्रान्सच्या अटलांटिक किनाऱ्यावरची पिलाची टेकडी सुमारे १०० मीटर उंच आहे आणि ती दरवर्षी थोडी थोडी सरकत मागच्या पाइनच्या जंगलात शिरते आहे.

समुद्राकडून येणाऱ्या वादळी लाटा पहिल्या टेकडीचा पायथा कापून नेतात, तेव्हा टेकडी नष्ट झाली असे वाटते. ती वाळू बहुधा फार लांब जात नाही. किनाऱ्यासमोरच्या उथळ पाण्यात तिचा बांध तयार होतो, पुढच्या लाटा त्या बांधावर आधीच फुटतात आणि किनाऱ्यापर्यंत पोहोचताना त्यांचा जोर ओसरलेला असतो. शांत ऋतूत हलक्या लाटा तीच वाळू पुन्हा किनाऱ्यावर आणतात, ती वाळते, वारा ती उचलतो आणि वेल पुन्हा अडवते. टेकडी ही किनाऱ्याची ठेव आहे, अडचणीत काढायची आणि नंतर भरायची. टेकडी सपाट करून तिथे बांधकाम केले की ठेवच मोडलेली असते.

आडोशाच्या बाजूला वारा कमी असल्याने रात्रीचे ठसे सकाळपर्यंत टिकतात. आधी “कोणाचे?” असे विचारू नये, “कुठून कुठे?” असे विचारावे. सरड्याचा माग काढताना दोन्ही बाजूंना पावले आणि मधे शेपटीची रेघ दिसते. शंखातला खेकडा जणू कोणी छोटी साखळी ओढत नेल्यासारखा पट्टा सोडतो. खेकड्याची बिळे बहुधा खाली, भरतीरेषेच्या आसपास सापडतात, पण काही वर टेकडीपर्यंतही असतात. फिकट रंगामुळे ‘घोस्ट क्रॅब’ म्हणून ओळखला जाणारा हा खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, त्यामुळे जमिनीवर राहूनही त्याला ते कल्ले ओले ठेवावे लागतात. त्यासाठी तो पाण्यात शिरलाच पाहिजे असे नाही. पायांच्या बुडाशी असलेल्या केसांच्या झुबक्याने तो ओल्या वाळूतले पाणी टिपकागदासारखे वर ओढून घेतो. बिळापासून चार-पाच पावलांवर सगळ्यांनी पुतळ्यासारखे बसावे. आधी काड्यांवर बसवलेले दोन डोळे वर येतात, मग सबंध खेकडा येतो आणि कोणी तरी खुदकन हसले की दिसेनासा होतो. या खेळात जिंकणे जवळजवळ अशक्य असल्याने तो मुलांना पुन्हा पुन्हा खेळावासा वाटतो.

समुद्री कासवे टेकडीच्या पायथ्याशी किंवा तिच्या उतारावर खड्डा करून अंडी घालतात, आणि त्या अंड्यांतून नर निघणार की मादी हे वाळूच्या उबेवर ठरते. तापमान सुमारे २९ अंश असेल तर दोन्ही साधारण सारखे निघतात, वाळू त्याहून उबदार असेल तर माद्या जास्त आणि थंड असेल तर नर जास्त. रात्री बाहेर आलेली पिल्ले टेकडीच्या काळोख्या आकाराकडे पाठ फिरवतात आणि उजळ दिसणाऱ्या क्षितिजाकडे, म्हणजे समुद्राकडे धावतात. मागे दिवे असले तर ती फसून उलट दिशेला जातात. आपण सकाळी समुद्राकडे पाठ करून चाललो, ती त्याच जागेवर नेमकी उलटी चालतात. पक्ष्यांपैकी चिखल्या उघड्या वाळूवर, जेमतेम खळगा करून अंडी घालतो. अंड्यांवरचे ठिपके इतके वाळूसारखे असतात की पाय पडेपर्यंत दिसत नाहीत. एखादा पक्षी पंख मोडल्यासारखा लंगडत समोरून जाऊ लागला, तर तो आपल्याला घरट्यापासून दूर नेतो आहे असे समजावे, त्याच्यामागे जाऊ नये आणि आल्या वाटेने परतावे.

पहिल्या दोन-तीन टेकड्यांच्या मागे सखल खोलगट जागा लागते आणि अचानक हिरवळ दिसते. वारा वाळू खणत खणत खाली जातो, पण ओल्या वाळूपर्यंत पोहोचला की त्याला कण सुटत नाहीत आणि तिथेच तळ पक्का होतो. म्हणून या खोलगटाचा तळ भूजलाच्या पातळीशी असतो आणि पावसाळ्यात तिथे डबकीही साचतात. त्यांत बेडूक, चतुर, गवताच्या वेगळ्याच जाती दिसतात. समुद्राला लागून असलेल्या वाळूत गोडे पाणी कसे, हा प्रश्न मोठ्यांनाही पडतो. पावसाचे पाणी वाळूतून झिरपून खाली साठते आणि खाऱ्या पाण्यापेक्षा हलके असल्याने त्याच्यावर तरंगते. दोन्ही पाण्यांच्या वजनांतला फरक अगदी थोडा असल्याने, समुद्रपातळीच्या वर मीटरभर गोडे पाणी असेल तर आदर्श स्थितीत खाली सुमारे ४० मीटर गोडे पाणी असते. अ‍ॅमस्टरडॅम शहराला १८५३ पासून नळाने जे पाणी येऊ लागले, ते अशाच टेकड्यांतून आणलेले होते.

आणखी आत गेले की वाळूचा रंग मळतो. चिमूट तळहातावर चोळली तर तपकिरी डाग राहतो; तो कुजलेल्या पानामुळांचा असतो आणि पाण्याजवळच्या वाळूने असा डाग पडत नाही. शिंपल्यांचा चुना पावसाने धुऊन जात राहतो, त्यामुळे इथे लिंबू पिळले तर बुडबुडे बहुधा फार कमी येतात किंवा येतच नाहीत. मुलांनी स्वतः करून पाहिलेल्या दोन चाचण्या इथे एकमेकींना मिळतात, आणि “ही म्हातारी” असा निकाल तीच देतात. झुडपे समुद्राच्या बाजूने खारट फवाऱ्याने जळलेली आणि आतल्या बाजूला वाढलेली असतात, त्यामुळे त्यांचा माथा कोणी तिरपा कापल्यासारखा दिसतो. त्यांच्या आडोशाला, कोरड्या वाळूत, नरसाळ्यासारखे छोटे खड्डे शोधावेत. त्यांच्या तळाशी अँटलायन नावाच्या कीटकाची अळी दबा धरून असते. खड्ड्याचा उतार वाळू जेमतेम थांबेल त्या कोनाच्या जवळचा असतो, म्हणून काठावर आलेल्या मुंगीच्या पायाखालची वाळू घसरते, वर अळी खालून वाळूही उडवते आणि मुंगी तळाशी जाते. मघाचा टेकडीचा उतार आणि हा खड्डा एकाच नियमाने चालतात, हे इथे सांगितले तर मुलांना लगेच दिसते.

धोक्याविषयी एकच गोष्ट गंभीरपणे सांगायची आहे आणि ती खड्ड्यांची. वाळूत खोल खड्डा किंवा भुयार करू देऊ नये. ओल्या वाळूची भिंत उभी राहते, ती वाळत आली की कोणतीही सूचना न देता कोसळते, आणि छातीवर पडलेली वाळू श्वास घेऊ देत नाही. खड्डा खणणाऱ्या मुलांपैकी सर्वांत लहान मुलाच्या गुडघ्यापेक्षा खोल नसावा, आणि निघताना तो बुजवावा. मिशिगन सरोवराच्या काठावरच्या माउंट बाल्डी या सरकत्या टेकडीवर जुलै २०१३ मध्ये सहा वर्षांचा एक मुलगा चालता चालता वाळूत गडप झाला. टेकडीने पूर्वी गिळलेली झाडे आत कुजली होती आणि त्यांच्या जागी पोकळ्या उरल्या होत्या. सुमारे साडेतीन मीटर खोलीवरून त्याला तीन तासांहून अधिक काळाने बाहेर काढले गेले आणि सुदैवाने तो वाचला. अशा टेकड्यांवर लावलेले प्रवेशबंदीचे फलक उगाच लावलेले नसतात.

परतीची वाट तीच असावी. जाताना उमटलेली आपली पावले शोधायला लावावीत; उघड्या माथ्यावरची अर्धी भरलेली असतात, आडोशाची जशीच्या तशी असतात, आणि वाऱ्याचा वेग मोजण्याचे यंत्र नसताना हाच त्याचा हिशेब. भरतीरेषेजवळ पोहोचले की काठी उपटावी. वाळू वर कशी चढते असे विचारणारी ती मुलगी पुन्हा एकदा आली होती तेव्हा काठी तिच्याच हातात दिली होती. पट्टीचा खालचा चार बोटांचा भाग वाळूने खडबडीत झाला होता, त्याच्या वरच्या भागात विरळ कण होते आणि अर्ध्याच्या वर पट्टी कोरी, बोट चिकटेल अशी. तिने काठी मर्यादवेलीच्या शेजारी धरली, कण थांबले होते तिथे अंगठा ठेवला आणि पानाच्या टोकाशी तो ताडून पाहिला. दोन्ही जवळजवळ एकाच उंचीवर होते.